खालून येणारं पाणी

२६ मे २०२५, सोमवार

पाऊस आला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. सोळा दिवस आधीच. रेनकोट अजून माळ्यावर.

मुलुंडहून सायकलने निघाले तेव्हा नुसतं दाटून आलं होतं. सोनापूरच्या सिग्नलला कोसळला. एलबीएस रोडवर मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांखालून सिमेंटचं राखी पाणी वाहत होतं. भांडुप ओलांडेपर्यंत डांबर दिसलं नाही.

घाटकोपरला लॅबमध्ये पोचले. ओढणी पिळली. कुडता पाठीला चिकटलेला, पण डाग एक नाही. पंख्याखाली वाळला.

२७ मे

पेपरात : कुलाब्याचा मे महिन्यातला पाऊस १९१८ च्याही पुढे गेला.

संध्याकाळी चेनला तेल. मडगार्डच्या नटांवर दहाचा पाना फिरवला. मागच्या डाव्या सळईचा नट सैल. दरवर्षी तोच सैल होतो. आतून एक वायसर वाढवला.

३१ मे, शनिवार

भाच्याने सायकल घेतली. पहिल्या पगारातून. बोरिवलीहून फोटो पाठवला. काळी, सरळ हँडलची, बारीक चाकांची, डिस्क ब्रेक. देखणी आहे. अंधेरीला एमआयडीसीत जायला वापरणार म्हणतो. ताईचं म्हणणं, मागाठाण्याहून मेट्रो आहे, गुंदवलीला उतर, सायकल कशाला. त्याचं म्हणणं, ऑफिसात दिवसभर बसायचंच आहे.

फोटो मोठा करून पाहिला. मडगार्ड नाही. पुढे नाही, मागेही नाही.

फोन केला. "मावशी, हायब्रिडला मडगार्ड येत नाही. अशीच असते ती."

३ जून, मंगळवार

जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ठरवला. पेपरात रंगीत फोटो. त्यातल्या एकाही सायकलला मडगार्ड नाही.

सकाळी मुलुंड ते घाटकोपर नजरेस पडलेल्या सायकली : दूधवाले भैया, पाववाला, डोक्यावर टोपली घेतलेले इडलीवाले अण्णा (एका हाताने चालवतात), चहाची किटली बांधलेला पोरगा, रात्रपाळी संपवून निघालेले दोन वॉचमन. सगळ्यांना पुढे-मागे लोखंडी मडगार्ड. कुणाचं गंजलेलं, कुणाचं तारेने बांधलेलं. पण आहे.

ज्याला रोज जायचंच आहे त्याने ते काढलेलं नाही.

८ जून, रविवार

मृग लागलं आणि कडक ऊन. पाऊस आला तसा गेला.

बाबांची हर्क्युलस जिन्याखालून बाहेर काढून पुसली. आता चालवत नाहीत, पण दर पावसाळ्याआधी पुसायला लावतात. भांडुपच्या कारखान्यात याच सायकलने गेले, निवृत्त होईपर्यंत. मागच्या मडगार्डच्या शेपटाला पांढरा पट्टा, त्यावर लाल काच. पट्टा त्यांनी दर दिवाळीला रंगवला. म्हणाले, रात्री सुटलो की ट्रकवाल्याला आधी तो पट्टा दिसायचा, मग मी.

भाच्याच्या सायकलचा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते.

"पुढचं मडगार्ड यंत्रासाठी, मागचं कपड्यांसाठी. याला दोन्ही नाहीत?"

९ जून

मुंब्र्याजवळ सकाळी लोकलच्या दारातून पडून चार माणसं गेली. बाबा दिवसभर टीव्हीसमोर. रात्री जेवताना म्हणाले, तू सायकलनेच जात जा.

१४ जून, शनिवार

विक्रोळीचा पूल आज सुरू झाला. पूर्व-पश्चिम. इतकी वर्षं फाटक. मी वरून गेले नाही, माझी वाट एलबीएसने. पण थांबून पाहिला.

१६ जून, सोमवार

पाऊस परत. आता धरलाय.

भाच्याचा फोन दुपारी. आवाज पडलेला. बोरिवलीहून निघाला, कांदिवलीला सर आली, थांबला, सर गेली, निघाला. वरून कोरडंच होतं. तरी अंधेरीला पोचला तेव्हा पॅन्टच्या मागच्या शिवणीपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ. बॅगेवर, बॅगेखाली, केसांत. डोळ्यांत वाळू. लिफ्टमध्ये लोक सरकून उभे राहिले. एका मित्राने जिमचा टी-शर्ट दिला, त्यावर मीटिंग काढली.

"पाऊस नव्हताच गं. थांबला होता."

तेच तर. पाऊस थांबला तरी रस्ता थांबत नाही.

१७ जून

गांधीनगरच्या सिग्नलला माझ्यापुढे एक मुलगा होता. गिअरची सायकल, उघडी चाकं. सिग्नल सुटला. पहिले दोन-तीन फेरे काही नाही, पाणी टायरलाच धरून राहिलं. मग वेग आला आणि मागच्या चाकावरून फवारा उभा राहिला. थेट त्याच्या कमरेवर. मी दहा हात मागे. माझ्या ओठांवर बारीक थेंब.

हळू जाताना पाणी टायरला चिकटून वर येतं आणि गळून पडतं. वेगात ते टायर जिथे सोडतं तिथून सरळ रेषेत उडतं. पुढच्या चाकाचं काही मागे येतं : बुटांवर, चेनवर, पॅडलच्या धुऱ्यावर, आणि त्यातले छर्रे गंजायला लागतात. काही वर आणि पुढे उडतं, आणि आपण त्याच वेगाने त्यात शिरतो. तोंडावर येतं ते हे.

वरून पडतं त्यात पाणीच असतं. खालून उडतं त्यात डिझेल, सिमेंट, गटार, चिकनच्या दुकानाबाहेर बादलीने धुतलेलं.

ओठ पुसले. लॅबमध्ये पोचून साबणाने तोंड धुतलं.

२२ जून, रविवार

आर्द्रा. दिवसभर रिपरिप. कपडे वाळत नाहीत.

२५ जून

एलबीएसवर पेव्हर ब्लॉक उचकटायला लागले. चाक एका कडेवर पडलं की दुसऱ्या कडेखालून पाणी पिचकारीने निघतं. दुसऱ्याच्या चाकाखालची पिचकारी मडगार्ड अडवत नाही. बसचं पाणीही नाही. त्याला रेनकोटची पॅन्ट आणि बसच्या मागे अंतर, एवढाच इलाज.

भाचा मालाडला घसरला. नडगी खरचटली. फार नाही म्हणतो.

२ जुलै

लॅबमध्ये तापाची रांग सुरू झाली. मलेरियाची कार्डं, डेंग्यूची कार्डं. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) अजून तुरळक. तो मागाहून येतो, पाणी साचून गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी.

नव्या मुलीला समजावून सांगत होते. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून जंतू पाण्यात उतरतो. शरीरात शिरायला त्याला कातडीवरची चीर लागते. नाहीतर डोळे, नाक, तोंड. सांगता सांगता नडगी आठवली.

फोन केला. "खपली धरते गं, पण रोज ओली होते. निघते परत."

पट्टी लावून वर प्लास्टिक बांध म्हटलं. हो म्हणाला. बांधणार नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी

बोरिवलीला ताईकडे. दादरला गाडी बदलताना दिंडीतली पोरं, कपाळाला बुक्का. ताईने साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी केली होती.

जेवून गॅलरीत सायकल पाहायला बसले. उलटी करून घेतली. मागे एक्सलच्या वर दोन्ही बाजूंना भोकं आहेत, आटे पाडलेली, रंगाने बुजलेली. सुई घातली तर रंग निघाला. म्हणजे बनवणाऱ्याला माहीत होतं की इथे मडगार्ड बसतं. पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या डोक्याशी आरपार भोक. पण चिमट्याच्या खालच्या टोकाला काही नाही. डाव्या पायावर डिस्कचा ब्रेक, त्यामुळे सळईला वाट नाही.

अवघड आहे. होणार नाही असं नाही.

चेन नखाने खरवडली. महिन्याभरात तांबूस.

ताई म्हणाली, "तू त्याला आणखी नादी लावू नकोस."

८ जुलै

मुलुंडच्या तीन दुकानांत विचारलं. दोघांकडे लहान मुलांच्या सायकलींचं प्लास्टिकचं. तिसऱ्याकडे एक आहे : सीटच्या दांडीला पट्ट्याने अडकवायचं, चोचीसारखं वर उचललेलं, टायरपासून वीतभर लांब. पुढे तसलंच छोटं. मागचं निदान रेघ अडवेल. पुढच्याचा काही उपयोग नाही. बूट, चेन, तोंड, सगळं उघडंच.

दुकानदार म्हणाला, ताई, गिअरच्या सायकलीला मडगार्ड कुणी मागत नाही. लावलं तर गिऱ्हाईक म्हणतं काढा, जुनी दिसते.

जून ते सप्टेंबर मग त्या सायकली कुठे असतात, हे विचारलं. म्हणाला, बिल्डिंगखाली.

आमच्याही बिल्डिंगखाली आहेत. टायर बसलेले, सीटवर बुरशी.

११ जुलै

पाच रस्त्याजवळच्या मेस्त्रींना फोटो दाखवले. हे लोखंडात होणार नाही म्हणाले. ७०० च्या चाकाचं, ४५ मिलिमीटर रुंदीचं प्लास्टिकचं मागवा, आत पत्रा असलेलं. टायर ३५ चा असेल तर दोन्ही बाजूंनी थोडं जास्त हवंच. पुढच्या चिमट्याचं मी बघतो.

मागवलं.

१३ जुलै, रविवार

ताईचा फोन. भाच्याला गुरुवारपासून ताप. अंग दुखतं. थंडी वाजते. क्रोसिनने उतरतो, चढतो.

रक्त तपास म्हटलं. मलेरिया, डेंग्यू दोन्ही. तिला सांगितलं, डॉक्टरांना नडगीचं सांग, रस्त्याच्या पाण्याचं सांग.

१४ जुलै

दोन्ही निगेटिव्ह. प्लेटलेट्स १ लाख १० हजार.

विचारलं, डोळे कसे आहेत. "लाल आहेत. पण चिपडं नाहीत." पोटऱ्या? "हात लावू देत नाही."

मी लगेच निघाले.

१५ जुलै

ॲडमिट केलं. क्रिएटिनिन थोडं वर. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. बरं केलं.

ताई माझ्याशी बोलत नाही.

१७ जुलै

लेप्टो, आयजीएम. पॉझिटिव्ह.

असे रिपोर्ट मी स्वतः टाइप करते. आज वाचताना कागद टेबलावर ठेवावा लागला.

१८ जुलै

कुठून शिरला, कोण सांगणार. नडगीतून, चाकावरून उडालेल्या पाण्यातून, की स्टेशनबाहेर चपलेतून चालताना. मुंबईत पावसाळ्यात पाय सगळ्यांचेच भिजतात. सायकलीने झालं असं मी म्हणणार नाही. सायकलीचा काही संबंध नाही असंही म्हणणार नाही.

लघवी व्यवस्थित होतेय. ताप ९९.

मडगार्डचं पार्सल आलं. उघडलं नाही.

२२ जुलै

घरी सोडलं. क्रिएटिनिन खाली. भूक लागली म्हणाला. ताईने मऊ भात, मेतकूट दिलं. मला चहा.

२६ जुलै, शनिवार

२००५ च्या पुराला वीस वर्षं झाली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. बाबा तेव्हा नोकरीच्या शेवटच्या वर्षाला. सायकल भांडुपला ओळखीच्या दुकानात वर फळीवर ठेवली आणि छातीइतक्या पाण्यातून चालत आले. घरी पोचले ते दुसऱ्या दिवशी पहाटे. आठवड्याने सायकल आणायला गेले. आधी मडगार्ड काढून आतला गाळ खरवडला, मग चाकं, मग छर्रे धुऊन नवं ग्रीस. आज हे सगळं परत सांगत होते. मी पहिल्यांदा नीट ऐकलं.

पार्सल उघडलं. बाबांनी मडगार्ड हातात घेऊन वाकवून पाहिलं. "हलकं आहे. पण चांगलं आहे."

५ ऑगस्ट

चुलतभाऊ नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला आहे. त्याच्याकडून बायकोच्या सायकलचा फोटो मागवला. पूर्ण मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून आडोसा, दिवा, कॅरिअर. माझ्या लेडीज सायकलीला हे सगळं आहे, दिवा सोडून. म्हणाला, तिकडे रोजच्या वापराची सायकल अशीच मिळते. वेगळं काही मागावं लागत नाही.

जपानमध्येही बाजारहाटाच्या सायकली मडगार्ड आणि टोपलीसकट येतात. इंग्लंडातल्या काही सायकल क्लबांमध्ये हिवाळ्यात मागे मडगार्ड नसेल तर बाकीचे आपल्यात घेत नाहीत, कारण त्याचं पाणी मागच्याच्या तोंडावर. हे भाच्याने वाचून सांगितलं. आजारपणात तो हेच वाचत होता. ताईला माहीत नाही.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

नारळीभात. भाचा पुढल्या आठवड्यात कामावर. मेट्रोने. सायकल गॅलरीत, वर चादर.

१८ ऑगस्ट, सोमवार

कांजूरवरून परत फिरले. पाणी पॅडलच्या वर. एवढ्या पाण्यात सायकल घालायची नाही. मडगार्डचं इथे काही चालत नाही, आणि खाली झाकण आहे की नाही ते दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये गेले. एवढे मोठे डॉक्टर. मी तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून जात नाही. उतरले, सायकल हाताने ढकलत उंचावरून मागे आणली.

१९ ऑगस्ट

सुट्टी. सांताक्रूझ २३८ मिलिमीटर, विक्रोळी २५५. आमच्या मार्गावरच्या लोकल बंद. मिठी नदीचं पाणी कुर्ल्याच्या क्रांतीनगरात शिरलं, माणसं हलवली. संध्याकाळी मोनोरेल वरच अडकली, अग्निशमन दलाने लोक उतरवले.

ताईचा फोन. भाचा घरीच आहे. बराच वेळ बोललो. सायकलीबद्दल नाही.

२१ ऑगस्ट

ऊन. लॅबमध्ये उभं राहायला जागा नाही. पाण्यातून चाललेल्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिन लिहून देत आहेत. ७२ तासांच्या आत घ्यायचं. ज्यांनी घ्यायला हवं ते बहुतेक येतच नाहीत. सकाळी दूधवाले भैया भेटले. परवा मांडीपर्यंत पाण्यातून दूध पोचवलं. बळेच दवाखान्यात पाठवलं.

२३ ऑगस्ट

ताई आपणहून म्हणाली, "उद्या तो तुझ्याकडे येतोय. सायकल घेऊन. बसवून दे काय बसवायचं ते. नाहीतर तो तशीच चालवेल."

२४ ऑगस्ट, रविवार

भाचा बोरिवलीहून सकाळी साडेसहाला निघाला, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवई, गांधीनगर, मग एलबीएसने मुलुंड. वाटेत दोनदा बसला म्हणे. वजन उतरलंय, गालफडं दिसतात. बाबांना वाकून नमस्कार. बाबांना रिक्षाने मेस्त्रींकडे नेलं, स्टूल दिलं.

मागचं आधी. भोकांतला रंग काढला, आटे साफ केले, सळया बसल्या. सीटखालच्या आडव्या नळीला एक बोल्ट. बोल्टचं डोकं आतून, नट बाहेरून, म्हणजे टायरला घासणार नाही. मेस्त्री बोल्ट आवळायच्या आधी चाक फिरवून पाहतात. टायर आणि मडगार्ड यांच्यात सगळीकडून बोट फिरलं पाहिजे. एका ठिकाणी जवळ, एका ठिकाणी लांब असेल तर खडखड करणार आणि खडा अडकणार. चार वेळा सळई पुढे-मागे केली. मग गोलाई जुळली.

पुढचं अवघड. चिमट्याच्या डोक्याच्या भोकात पट्टी बसली. खाली भोक नाही. मेस्त्रींनी नळाच्या दुकानातून रबर लावलेले दोन क्लॅम्प आणून ठेवले होते. चिमट्याच्या पायाला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्यावर क्लॅम्प, म्हणजे रंग जात नाही आणि घसरत नाही. डाव्या बाजूला ब्रेक आडवा. तिथे लांब बोल्ट, मध्ये नळीचा बोटभर तुकडा, त्याच्या बाहेरून सळई. ब्रेकला हात न लावता सळई खाली गेली. सळयांची जास्तीची टोकं करवतीने कापून रबरी टोप्या.

क्लॅम्प फार आवळला नाही. विचारलं, का. म्हणाले, झाडाची फांदी, काठी चाकाबरोबर आत ओढली गेली तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून जातो. एवढं सैल असावं की जोर आला तर सळई निसटेल. चांगल्या परदेशी मडगार्डांना त्यासाठी सुटणारी क्लिपच असते. हँडल पूर्ण वळवून, पॅडल पुढे घेऊन, बुटाचं टोक लागतं का तेही पाहिलं. जेमतेम लागत नाही.

मग बाबा बोलले. इतका वेळ गप्प होते.

"फडकं कुठाय?"

मडगार्ड चिमट्याच्या मागे जिथे संपतं तिथून रस्त्यापर्यंत हातभर जागा उघडी. त्यातूनच बूट भिजतात, चेन भिजते. बाबांना हवी ती झडप. मेस्त्रींनी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन कापला. खाली रुंद, वर निमुळता तुकडा, दोन भोकं, दोन बोल्ट. बाबांनी स्टुलावरून वाकून वीत लावून मोजलं. रस्त्यापासून वीतभर वर. "याहून वर नको. आणि खाली नको, स्पीडब्रेकरला फाटेल."

मागच्या शेपटाला लाल रिफ्लेक्टर आणि पांढरी रेडियमची पट्टी. हेही त्यांनीच सांगितलं.

मेस्त्रींनी दुकानाच्या नळाचा पाइप रस्त्यावर सोडला. भाचा त्या पाण्यातून वेगात गेला आणि आला. पाठ कोरडी. उजव्या बुटावर दोन थेंब. बाबांनी बूट पुसून पाहिला.

"चालेल."

३१ ऑगस्ट

ताईकडे गौरी. सायकल दाराशी उभी. ताईने हळदीकुंकवाचं बोट सायकलीलाही लावलं. मी पाहिलं, बोलले नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

भाचा सायकलने अंधेरीला. सकाळी बारीक सर, मग रस्ता ओला. ऑफिसात पोचून फोटो पाठवला : पाठमोरा, निळा शर्ट, एकही डाग नाही. खाली लिहिलंय, "आजोबांना दाखव."

दाखवला. बाबांनी फोन दूर धरून पाहिला, म्हणाले, सीट अर्धा इंच वर हवी.

१५ सप्टेंबर

पहाटेपासून मुसळधार. भाचा मेट्रोने गेला. विचारलं नव्हतं, त्याने स्वतः कळवलं. मी बसने.

१७ सप्टेंबर

त्याच्या मडगार्डचा आवाज यायला लागला म्हणे. नट. हिसक्यांनी सैल होतात. महिन्यातून एकदा पाना, आणि आतला गाळ चपट्या काठीने काढायचा. लोखंडी असेल तर आतून जुन्या तेलाचा हात. ही कामं सांगितली. एवढंच.

२० सप्टेंबर, शनिवार

भाच्याच्या ऑफिसातल्या तिघांनी विचारलंय. एकीला सायकल घ्यायचीच आहे, बाकीच्या दोघांच्या बिल्डिंगखाली पडून आहेत. म्हणाला, मावशी, लिहून दे, मी पाठवतो. लिहिलं ते इथे उतरवून ठेवते.

मुंबईत वर्षाचे चार महिने रस्ता ओला असतो. सायकल कामावर न्यायची असेल तर रंग आणि गिअर बघण्याआधी खाली वाकून बघा. मागे एक्सलच्या वर भोकं आहेत का. चिमट्याच्या टोकाशी आहेत का. टायर आणि चिमटा यांच्यात मडगार्ड मावेल एवढी जागा आहे का. नसेल तर दुसरी बघा. मडगार्ड चाकाभोवती पूर्ण हवं, पुढचं मागच्याइतकंच महत्त्वाचं, आणि पुढच्याला खाली झडप लावून घ्या. पायाला जखम असेल तर मडगार्ड असलं तरी झाकल्याशिवाय निघू नका. साचलेल्या पाण्यात सायकल घालू नका. आणि दुकानदारांना सांगा, ही सायकल मडगार्डासकट द्या. दोन पैसे जास्त घ्या, पण दुकानातून बाहेर पडेल ती लावूनच.